भिंतीतली वाट

गेल्या जुलैतली गोष्ट. आठ दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. आमच्या शाळेच्या जुन्या सभागृहात प्रार्थना आटोपून मुले वर्गाकडे परतत होती, आणि आठवीतल्या एका मुलाने मेन बोर्डापाशी भिंतीतून बाहेर आलेल्या लोखंडी नळीला सहज हात लावला. तो किंचाळून मागे कोसळला. सुदैवाने फार काही झाले नाही. मधल्या सुट्टीपर्यंत तो पुन्हा अंगणात हुंदडतही होता. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी आली. रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागले. म्हणाली, “सर, आम्ही पोराला आगीला हात लावू नको म्हणून शिकवलं, इस्तरीला लावू नको म्हणून शिकवलं. शाळेच्या भिंतीला लावू नको, हे पण आम्हीच शिकवायचं होतं काय?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी सभागृहाचा मेन स्विच बंद करून फ्यूज कपाटात कुलूपबंद केले, आणि जुलैपासून दिवाळीच्या तोंडापर्यंत आमचे सभागृह अंधारात राहिले.

दोष उघड होता. १९६४ साली, म्हणजे आमचा भाग म्हैसूर राज्यात असताना, या इमारतीत वीज आली. भिंतीत लोखंडी कंड्यूट पाइप गाडून त्यातून रबरी वायरी ओढल्या होत्या. त्या काळी पाइपलाच अर्थिंग समजत. पाइपांचे सांधे गंजले की ती साखळी तुटते. मग आतल्या वायरीचे रबर कुठे झडून तांबे पाइपला टेकले, की तो अख्खा पाइप जिवंत होतो. आमच्या भिंतीत साठ वर्षांनी तेच झाले होते. तोवर कोणीच कसे पाहिले नाही, असे वाचकांनी विचारले तर त्यातली शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक म्हणून माझीच आहेत, एवढेच सांगतो.

दुरुस्तीला आलेल्या तरुण इलेक्ट्रिशियनने दोन मार्ग सांगितले. एक, भिंतीवरून प्लॅस्टिकची केसिंग पट्टी मारायची. स्वस्त आणि झटपट. पण नव्या इमारतीतल्या तशा पट्ट्यांचे काय झाले ते मी रोज पाहतो. सहावीच्या मुलांच्या हाताच्या उंचीवर आलेली एकही पट्टी जागेवर नाही. दुसरा मार्ग, भिंत फोडून नवा पाइप घालायचा. त्या व्हरांड्याच्या भिंतीवर आमच्या जुन्या चित्रकला शिक्षकांनी तैलरंगात काढलेला जगाचा नकाशा आहे. चौदा फूट लांब. मीही त्याच्यापुढे उभा राहून खंडे पाठ केली आहेत. छिन्नी बरोबर आफ्रिकेतून जाणार होती.

तिसरा मार्ग, जुन्या वायरी काढून त्याच पाइपातून नव्या ओढायच्या. इलेक्ट्रिशियन मान हलवून म्हणाला, “सर, ऐंशी फुटांचा रन आहे, पुढे तीन बेंड. जमलं तर जमलं.”

माझा विषय इतिहास. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण सभागृह बंद असलेल्या त्या दिवसांत नळीतून तार ओढण्याची ही कल्पना मुळात आली कुठून, या कुतूहलाने मला धरले, आणि जे वाचनात आले त्याने मी चकित झालो. कारण तार नळीत घालायचे माणसाला फार लवकर सुचले होते. ती पुन्हा बाहेर काढता आली पाहिजे, हे सुचायला मात्र पुढची पन्नास वर्षे लागली.

सुरुवात तारायंत्रापासून होते. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकापासून वेस्ट ड्रेटनपर्यंत तेरा मैलांची तारायंत्राची वाहिनी कुक आणि व्हीट्स्टन या जोडीने ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कडेने टाकली. ते साल १८३८-३९. तारांना सूत गुंडाळून त्या लोखंडी नळीत घातल्या होत्या.  ओल आत शिरली, सुताचे वेष्टण निकामी झाले, आणि चार वर्षांच्या आत ती वाहिनी स्लाउपर्यंत वाढवताना नळीचा नाद सोडून कुकने तारा सरळ खांबांवर चढवल्या.

अमेरिकेत मोर्सने १८४३ साली हाच धडा पुन्हा पैसे मोजून घेतला. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारायंत्रासाठी तिथल्या काँग्रेसने तीस हजार डॉलर मंजूर केले होते. शिशाच्या नळीत तारा घालून ती नळी जमिनीत पुरायची, असा बेत. त्यासाठी एझ्रा कॉर्नेल नावाच्या हिकमती माणसाने एक नांगर तयार केला. तो चर काढी आणि त्यातच नळी सोडत पुढे जाई. काही मैल झाल्यावर ध्यानात आले, की नळीतल्या तारांचे वेष्टण सदोष आहे. प्रवाह वाटेतच गळतो. काम तर थांबवायला हवे, पण वर्तमानपत्रांना अपयशाचा वास लागता कामा नये. तेव्हा कॉर्नेलने नांगर मुद्दाम एका खडकावर घालून मोडला. लोकांना वाटले, अपघात झाला. त्या अवधीत खांबांची तयारी झाली आणि २४ मे १८४४ रोजी पहिला संदेश खांबांवरच्या तारांनीच गेला. हाच कॉर्नेल पुढे तारायंत्रावर श्रीमंत झाला आणि त्याच्या पैशातून एक विद्यापीठ उभे राहिले. नांगराची ही हकीकत मी नववीच्या वर्गात सांगतो तेव्हा मुले खडकाची बाजू घेतात.

दिव्यांच्या विजेचा काळ आला तेव्हाही तीच चूक नव्या रूपाने झाली. इंग्लंडमधल्या गोडाल्मिंग या छोट्या गावात १८८१ साली सार्वजनिक वीज आली. रस्ते खणण्याचा अधिकार नव्हता, म्हणून तारा चक्क रस्त्याकडेच्या गटारांतून नेल्या. एडिसनने न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचे केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले, त्याआधी रस्ते खणून वीस-वीस फुटांच्या लोखंडी नळ्या पुरल्या. आत तांब्याचे दांडे, भोवती दोर गुंडाळलेला, आणि वरून डांबरासारखे मिश्रण ओतून सगळे घट्ट गोठवलेले. काम भक्कम होते यात शंका नाही. पण बिघाड झाला की रस्ता खणा, दुसरा इलाज नाही. नळी आणि तार यांचे लग्नच लावून टाकलेले.

घरांत तर याहून गमतीची तऱ्हा होती. दोन तारा लाकडी पट्टीतल्या दोन खाचांत बसवायच्या आणि वर लाकडी झाकण ठोकायचे, ही केसिंग-कॅपिंग. झाकणाचा खिळा तारेतच बसे, लाकूड ओलावे, आणि मग आग. विलायतेत आगीच्या विमा कंपन्या जाग्या झाल्या. फीनिक्स फायर ऑफिसने आपल्या हीफी नावाच्या अधिकाऱ्याकडून नियम करून घेतले ते १८८२ साली, आणि त्याच वर्षी तिथल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनेही आगीपासून बचावाची नियमावली काढली. ती अवघ्या चार पानांची होती. आज त्याच परंपरेतला विलायती ग्रंथ शेकडो पानांचा आहे. आणि ज्या केसिंग पट्टीला तेव्हा इतके दोष दिले, तीच लाकडाऐवजी प्लॅस्टिकची होऊन आज पुन्हा घरोघर आली आहे.

नळी भिंतीत आधी, तार नंतर, हा विचार घराच्या बांधणीत रुजला तो १८९० च्या सुमारास. एडिसनचे जुने सहकारी एडवर्ड जॉन्सन आणि सिगमंड बर्गमन यांची नावे या कामात येतात. (जॉन्सन म्हणजे १८८२ साली घरच्या नाताळच्या झाडावर विजेचे दिवे लावणारा पहिला गृहस्थ.) त्यांच्या वेळच्या नळ्या चक्क कागदाच्या होत्या. डांबरात बुडवून कडक केलेला कागद. बर्गमनने जर्मनीला परतून त्यावर पातळ धातूचे कवच चढवले, आणि त्या नळ्या त्याच्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. पण कागदात खिळा शिरतो. म्हणून हळूहळू पोलाद आले. मुद्दा नळी कशाची हा नव्हता. गवंड्याने भिंत उभी करताना रिकामी नळी गाडायची, गिलावा वाळू द्यायचा, घर तयार झाल्यावर वायरमनने तार आत ओढायची, आणि ती मेली की ओढून काढून दुसरी घालायची. भिंतीचे आयुष्य वेगळे, तारेचे वेगळे, ही कबुली त्यात होती.

आणि तारेचे आयुष्य होतेच थोडके. व्हल्कनाइझ केलेल्या रबरात गंधक असते, ते तांब्याला खाते. म्हणून तांब्यावर कथलाचा मुलामा देत. जुनी वायर सोलली तर तार रुपेरी दिसते ती त्यामुळे. वर रबर, त्यावर फीत, त्यावर सुताची वीण. एवढे करूनही उष्ण हवेत पंचवीस-तीस वर्षांत रबर करवंटीसारखे कडक होऊन तडकते. १९२६ साली वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला पी.व्ही.सी. मऊ करण्याची युक्ती सापडली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रबराची सद्दी संपत गेली. आमच्या शाळेत १९६४ मध्ये रबरच आले. जुनी खेडी नव्या मालाला उशिरा भेटतात.

तसे पाहता आमचा जिल्हा विजेला नवखा नव्हता. गोकाकच्या धबधब्याखाली घटप्रभेच्या पाण्यावर १८८७ सालीच वीज केली, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. शिवनसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना १९०२ साली पोचली, बंगळूरच्या रस्त्यांवर १९०५ साली दिवे लागले, खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना १९१५ साली. नदीपासून शहरापर्यंत वीज भराभर धावली. शहरातून खेड्यातल्या शाळेपर्यंत यायला मात्र तिला आणखी पन्नास वर्षे लागली.

आता ओढण्याविषयी. मला वाटे, लांब नळी म्हणजे जास्त जोर, इतकाच हा हिशेब असणार. तसे नाही. खरी मेख वळणात आहे. मस्तवाल खोंडाच्या दाव्याचे खांबाला दोन वेढे दिले, की दहा वर्षांचे पोर दुसरे टोक धरून त्याला रोखू शकते, हे आपण पाहिलेले असते. त्यामागचे गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडले. दोर वळणावरून घासत जातो तेव्हा लागणारा जोर प्रत्येक वळणाला मिळवला जात नाही, गुणला जातो. कोरड्या नळीत एका काटकोनी बेंडला जोर सुमारे सव्वादोन पट होतो. दोन बेंडना जवळजवळ पाच पट. तीन बेंडना साडेदहा. चार बेंडना तेवीस! म्हणून अमेरिकेच्या नियमात दोन खेचण्याच्या जागांमध्ये चार काटकोनांपेक्षा जास्त वळण चालत नाही. आणि म्हणूनच जुने वायरमन वायरीला शंखजिऱ्याची पूड चोळत. घर्षण निम्म्यावर आले, तर चार बेंडना लागणारा जोर तेवीस पटीवरून पाच पटीच्याही खाली येतो. चिमूटभर पांढऱ्या पुडीची ही किंमत.

पण ओढायला आधी दोरीचे टोक पलीकडे पोचले पाहिजे, आणि हे कोडे विजेपेक्षा फार जुने आहे. ग्रीक पुराणात शिंपल्याच्या चक्राकार पोकळीतून दोरा ओवून दाखवा, असा पण लावून मायनॉस राजा पळालेल्या डेडालसचा शोध घेतो. डेडालस मुंगीला दोरा बांधून तिला आत सोडतो, आणि पकडला जातो, कारण एवढी अक्कल दुसऱ्या कोणाला असणार? आपल्याकडे स्वामी विवेकानंदांनी ‘राजयोग’मध्ये बुरुजात कोंडलेल्या प्रधानाची गोष्ट सांगितली आहे. त्याची बायको किड्याच्या मिशांना मध लावते, अंगाला रेशमाचा धागा बांधते आणि त्याला बुरुजावर चढवते. धाग्यामागून सुतळी, सुतळीमागून दोरी, दोरीमागून दोर, आणि प्रधान सुटतो. लांब नळीत वायर ओढणारे आजही हेच करतात. किड्याऐवजी स्टीलची लवचीक पट्टी असते एवढेच. १९७१ साली शिकागोजवळच्या फर्मी प्रयोगशाळेत तर फेलिशिया नावाची फेरेट, मुंगसाच्या चणीचा एक प्राणी, तीनशे फुटांच्या नळ्यांतून दोरी घेऊन धावत असे. मग त्या दोरीने साफसफाईचा बोळा आत ओढत. चार मैलांच्या मोठ्या नळीत शिरायला तिने साफ नकार दिला. मला तिचे म्हणणे पटते.

तर आमचा पाइप. जुन्या वायरी काढायलाच दोन दिवस गेले. मध्येच तुटल्या, निम्म्या या टोकाने निघाल्या, निम्म्या त्या. तिसऱ्या दिवशी स्टीलची पट्टी कशीबशी पार झाली. इलेक्ट्रिशियनने मेन बोर्डाकडून नव्या वायरी सोडल्या, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगची वेगळी हिरवी, आणि त्याचा हेल्पर रंगमंचाकडून ओढू लागला. दोघे कन्नड बोलणारे. “एळी! एळी!” म्हणजे ओढ. सत्तर फुटांपर्यंत ठीक. मग तिथेच रुतली. शाळेचे दोन शिपाईही दोरीला लागले. बाहेर आले ते वेष्टण सोललेले तांबे. एक अख्खे बंडल वाया गेले. संस्थेचा पैसा, आणि बोलणार कोणाला? इलेक्ट्रिशियन नकाशाकडे पाहत म्हणाला, “फोडू या का सर?”

तेव्हा मला मामा आठवले. १९६४ साली हे काम झाले तेव्हा ते चौदा वर्षांचे पोऱ्या म्हणून हाताखाली होते. पुढे जन्मभर वायरमन. आता पंचाहत्तरी आली आहे, गुडघे गेले आहेत. मी स्कूटरवरून आणले. त्यांनी पाइपच्या दोन्ही टोकांना नाक लावले, मग भिंतीला हात लावत व्हरांडाभर चालत गेले, नकाशापाशी थांबले आणि म्हणाले, “उलटं ओढताय तुम्ही.”

इलेक्ट्रिशियन हसला. “अज्जा, पाइप तोच की. इकडून काय, तिकडून काय.”

“पाइप तोच रे. वायरीला तसं वाटत नाही.”

मला ते तेव्हा कळले नाही. रात्री कागदावर आकडे मांडले तेव्हा कळले. समजा, सरळ ऐंशी फुटांत पाच किलोचा जोर खर्ची पडतो. मेन बोर्डाकडून वायर सोडली, तर तो पाच किलो ताण घेऊन ती बेंडपाशी येते, आणि तीन बेंड त्याचे साडेदहा पटीने पन्नास किलो करून ठेवतात. रंगमंचाकडून सोडली, तर बेंड आधी येतात. तिथे हातातून सैल सुटणाऱ्या वायरीला अर्धा किलो ताण. बेंड पार होईतो पाच. आणि पुढच्या सरळ वाटेचे पाच त्यात फक्त मिळवायचे. सगळे मिळून दहा. पाइप तोच, वायर तीच, माणसे तीच. मामांनी ऑयलरचे नाव ऐकले नसेल.

त्यांनी आधी पाइपातून कोरडी चिंधी ओढायला लावली. ती गंजाने लाल होऊन आली. दुसरी ओढली, तिसरी ओढली. दुकानात शंखजिरे मिळेना, तेव्हा मुलांच्या कॅरमची पावडर आणली. वायरींची तोंडे एकाखाली एक अशी पायरीने बांधून वर टेप गुंडाळला, म्हणजे गाठ बेंडमध्ये अडणार नाही. मग मामा स्वतः स्टूल घेऊन रंगमंचाकडच्या टोकाला बसले आणि तीनही वायरी बोटांतून सोडू लागले, वातीला पीळ देताना बाई बसते तसे. ओढणारे दोघे ऐंशी फुटांवर.

“एळी,” मामा म्हणत. पाच-सहा इंच सरकली की “निल्लू”. थांब. पुन्हा “एळी”. आणि मधूनमधून “सावकाश”. हा शब्द त्या दोघांनाही समजावून सांगावा लागला नाही. तो आमच्याकडे दोन्ही भाषांचा आहे. आठवीतली मुले खिडकीत जमली होती, त्यात तो मुलगाही होता. मी त्यांना हाकलले नाही. चाळीस मिनिटांनी मेन बोर्डापाशी टेपची काळी गाठ बाहेर आली. इलेक्ट्रिशियनने काही न बोलता मामांच्या पायांना हात लावला.

मेगर लावून पाहिले, काटा जिथे हवा तिथे. अर्थिंगची हिरवी वायर नव्या खड्ड्याच्या पत्र्याला जोडली. संध्याकाळी मी आजीला बोलावून घेतले आणि तिच्यादेखत त्या नळीला हात लावला. तिनेही लावला, आधी एक बोट, मग तळवा.

या इमारतीतल्या पाइपांचा नकाशा कधी कोणी काढलेलाच नव्हता. तो मामांच्या डोक्यात होता. दुसऱ्या दिवशी आमच्या चित्रकलेच्या बाईंनी कागद पसरला आणि मामा व्हरांड्यातून चालत सांगत गेले. कुठे सरळ, कुठे जोड, कोणत्या बाजूने सोडायचे. बाईंनी मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हींत लिहून घेतले. तो कागद आता मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवला आहे. तिसऱ्या बेंडपाशी मामा जरा घुटमळले. मग भिंतीवर बोटाने टकटक करून म्हणाले, “लिहा बाई. जमिनीपासून साडेपाच फूट. मादागास्करच्या खाली, दोन बोटं डावीकडं.”